भुशाखालचा बर्फ

आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक लादीच्या पोटात एक पांढरी रेघ असते. बाजूने बघितलं तर लादी काचेसारखी, पलीकडचा माणूस दिसेल इतकी नितळ. पण मधोमध, वरपासून खालपर्यंत, दुधात बुडवून काढलेल्या सुतळीसारखं काहीतरी. लहानपणी मला वाटायचं, डब्यात पाणी भरताना बाबा मुद्दाम काहीतरी आत सोडतात. मग एकदा त्यांनी मला टाकीच्या कडेला उभं करून समजावलं. पत्र्याचा डबा खाऱ्या पाण्यात बुडालेला असतो, त्यामुळे थंडी चारही बाजूंनी आत शिरते आणि पाणी भिंतींकडून गोठत मध्याकडे सरकतं. गोठताना बर्फ निव्वळ पाणी तेवढं घेतो. पाण्यात विरघळलेली हवा, क्षार, गाळ, सगळं पुढे ढकलत नेतो. शेवटी मधे थोडं पाणी उरतं, त्यात हे सगळं साठतं, आणि तेही गोठलं की हवेचे बारीक बुडबुडे जागच्या जागी अडकतात. तीच ती रेघ.

मी वास्कोची. खारीवाड्याच्या जेटीपासून चालत पाच मिनिटांवर आमचा कारखाना. बाबा थकल्यावर मी हिशेबाच्या टेबलावरून उठून मशीनकडे गेले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलरवाले आणि मासळी विकणाऱ्या बायका. पन्नास किलोची लादी क्रशरमध्ये जाते आणि चुरा होऊन बोटीच्या पोटात, बांगड्या-तारल्यांच्या थरांमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, म्हणजे आम्हीही बंद. कॉम्प्रेसर उघडून साफ करायचा, डबे घासून रंगवायचे, आणि उरलेल्या वेळात मी वाचते. गेली कित्येक वर्षं बहुतेक एकाच विषयावर वाचते आहे: ग्रहांच्या ध्रुवांवरचा बर्फ. आत्ताही जून आहे, पत्र्यावर पाऊस कोसळतो आहे, कारखान्यात अमोनियाचा वासही नाही, आणि हे लिहायला घेतलं आहे.

लिहायचं कारण गेल्या वर्षीच्या जानेवारीतलं. भाच्याने पैसे साठवून सहा इंची दुर्बीण घेतली होती. 16 जानेवारी 2025 ला मंगळाची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका ओळीत, आपण मधे. दोन दिवसांनी, शनिवारी रात्री, आम्ही सड्यावरच्या घराच्या गच्चीत दुर्बीण लावली. मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ होता, लालसर आणि न लुकलुकणारा. खाली बंदराचे दिवे, हवेत दंव इतकं की भिंग दर दहा मिनिटांनी पुसावं लागे. मध्यरात्रीकडे मंगळ जवळजवळ डोक्यावर आला, आणि ही दुर्बीण तशी उभी धरून वळवणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. भाचा गुडघ्यावर बसून धडपडत होता. एकदम म्हणाला, "आत्या, ये, ये. हलू नको, हात लावू नको, नुसतं बघ."

नारिंगी टिकली होती ती, तीही थरथरणारी. साडेनऊ कोटी किलोमीटरहून जास्त अंतर. सुरुवातीला मला नुसता रंग दिसला. मग हवा क्षणभर स्थिर झाली आणि टिकलीच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका उमटला. भाच्याला शंका, की भिंगातलंच काही चमकतंय. मी त्याला नेत्रभिंग हळूच गोल फिरवायला सांगितलं. ठिपका जागचा हलला नाही. आमच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, म्हणून तो खालच्या बाजूला होता, पण होता तो मंगळाचा उत्तर ध्रुव. तिकडे वसंत चालू होता आणि उत्तरेची टोपी आपल्याकडे कललेली होती.

पन्नास वर्षं बर्फात वाढलेल्या बाईला त्या कणीकडे बघून काय वाटलं ते मी नीट सांगू शकेन असं वाटत नाही. पण त्या रात्री मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणातला बर्फ डोळ्यांनी बघितला.

हा ठिपका माणसं साडेतीनशे वर्षं बघत आहेत. कॅसिनीने 1666 मध्ये मंगळाच्या ध्रुवांजवळ उजळ डाग टिपले, 1672 मध्ये हायगेन्सने दक्षिणेकडची टोपी काढून ठेवली. विल्यम हर्शेल, ज्याने युरेनस शोधला तो, त्याने 1784 मध्ये सरळ सांगितलं की हे बर्फ आहे आणि उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे कमीजास्त होतं. मंगळाचा अक्ष पृथ्वीसारखाच कललेला आहे हेही त्याने मोजलं होतं. आज आपण तो कल सुमारे 25 अंश मानतो, पृथ्वीचा साडेतेवीस. म्हणून तिथेही ऋतू आहेत, फक्त वर्ष जवळजवळ दुप्पट लांब. बर्फ, ऋतू, जवळपास आपल्याएवढाच दिवस. मग लोकांना मंगळ म्हणजे दुसरी पृथ्वीच वाटू लागली यात नवल नाही. टोपी वितळते, पाणी वाहतं, रान हिरवं होतं, अशी कल्पना फार वर्षं टिकली.

ती मोडली 1965 मध्ये. मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेलं आणि कळलं की तिथली हवा पृथ्वीच्या हवेच्या एक टक्काही दाबाची नाही, आणि जी आहे ती जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. पुढच्याच वर्षी लेटन आणि मरे या दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडलं. ध्रुवावर महिनोन्महिने रात्र असते तेव्हा जमीन इतकी थंड होणार की ही हवाच गोठून खाली बसणार. म्हणजे ती पांढरी टोपी पाण्याची नसून सुक्या बर्फाची. 1969 मध्ये मरिनर 7 ने दक्षिण ध्रुवावर तसंच मोजलं. त्यांचं एकच चुकलं. त्यांना वाटलं होतं उन्हाळ्यात उरणारा बर्फही सुकाच असेल. 1976 मध्ये व्हायकिंग यानं गेली आणि उत्तरेत भर उन्हाळ्यात उरलेल्या टोपीचं तापमान उणे 68 अंशांच्या आसपास निघालं. त्या हवेत सुका बर्फ टिकूच शकत नाही. उरलेलं ते साधं पाणी होतं, गोठलेलं. आमच्या लादीतलं.

सुका बर्फ मी पहिल्यांदा हाताळला तो एका ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडून मागून आणून. जाड हातमोजे घालून एक तुकडा ऑफिसातल्या काट्यावर ठेवला, खाली वर्तमानपत्राचा कागद. साधारण एक किलो भरला. तासाभराने काटा खाली आला होता आणि कागद कोरडाच होता. बर्फ विकून जगणाऱ्या माणसाला हे बघून कसंतरीच होतं. आमचा सगळा तोटा पाण्यात दिसतो: गाडीतून ठिबकलेला, फरशीवर वाहिलेला, मापात धरलेला. इथे तोटा होता, पाणी नव्हतं. आमच्या पुस्तकात शाळेत त्याला संप्लवन म्हणत. इथल्या हवेत सुका बर्फ उणे साडेअठ्ठ्याहत्तर अंशांवर असा उडून जातो. मंगळावर दाब इतका कमी, की तिथे त्याला गोठायला उणे 125 च्या आसपास जावं लागतं.

आणि तो गोठतो किती? दर हिवाळ्यात मंगळाच्या एकूण हवेपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त ध्रुवावर जाऊन बसतो. व्हायकिंग यानं ध्रुवापासून दूर उतरली होती, तरी त्यांच्या दाबमापकांना तो चढउतार महिन्यामहिन्याला दिसत होता. खारीवाड्यात उभं राहून कल्पना करा, की दर वर्षी अमुक महिन्यात आपल्या डोक्यावरची पाव हवा नाहीशी होते, कुठेतरी दूर जमिनीवर दीड-दोन मीटर जाडीचा थर होऊन पडते, आणि वसंतात परत येते. मग दुसऱ्या ध्रुवाची पाळी. त्या जानेवारीत आम्ही बघितलेल्या पांढऱ्या ठिपक्यातही या हंगामी थराचा वाटा होता. खालची पाण्याच्या बर्फाची कायमची टोपी त्याच्या आत.

या हंगामी थराबद्दलची एक गोष्ट मला आमच्या आवारातल्या जांभळीमुळे कळली. एकदा डबा उघडा राहिला, एक पान आत पडलं आणि लादीत गोठलं, कडेच्या नितळ भागात. ती लादी गिऱ्हाईक घेणार नव्हतं, म्हणून बाहेर उन्हात टाकून दिली. थोड्या वेळाने बघितलं तर वरचा बर्फ अजून घट्ट, पण पानाभोवती आत पाण्याची पोकळी झालेली. ऊन बर्फातून आरपार गेलं होतं आणि काळपट पानाने ते धरून ठेवलं होतं.

मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ वसंतात हेच होतं, फार मोठ्या प्रमाणावर. सुक्या बर्फाचा थर तिथे काही भागात काचेच्या तक्त्यासारखा पारदर्शक असतो. ऊन त्यातून खाली जातं, जमीन तापते, आणि थराचा तळ आतून वायू होऊ लागतो. वर झाकण, खाली वायू कोंडलेला. शेवटी एखाद्या फटीतून तो फुटून वर येतो आणि बरोबर धूळ घेऊन उडतो. वाऱ्याने ती धूळ एका बाजूला पडते, बर्फावर काळे फराटे उठतात. खाली वायू वाहताना जमिनीत ओहोळ कोरतो, ते वरून कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले दिसतात. यानांनी त्यांची छायाचित्रं घेतली आहेत. मी ती मोबाइलवर कितीतरी वेळा मोठी करून बघितली आहेत आणि दर वेळी मला ते जांभळीचं पान आठवतं.

आता बाबांची गोष्ट. पूर्वी आमचा बर्फ फोंडा, सावर्डे, कुडचड्यापर्यंत जायचा, उघड्या ट्रकमधून. लाद्या एकमेकींना चिकटवून रचायच्या, वर लाकडाचा भुसा, त्यावर ओली गोणपाटं, त्यावर ताडपत्री. बाबा चढून स्वतः भुसा थोपटायचे. कुणी घाईत कोपरा उघडा ठेवला की एकच वाक्य: "वारें लागल्यार बर्फ गेलो." उन्हापेक्षा त्यांना वाऱ्याचा राग जास्त. साठवणाच्या खोलीचं दारही ते कधी भसकन उघडू देत नसत. थंड हवा जड असते, ती लाद्यांवर पांघरुणासारखी बसलेली असते, तिला हलवायचं नाही, हे ते प्रत्येक नव्या पोराला शिकवायचे.

मंगळावर एक विवर आहे, कोरोलेव्ह नावाचं. रशियन रॉकेटकाराचं नाव दिलेलं. उत्तर ध्रुवाच्या टोपीच्या बाहेर, तिच्यापासून अंतर राखून. रुंदी 82 किलोमीटर. पेडण्यात एक काठ धरला तर दुसरा काणकोणला जाईल. आणि ते वर्षभर पाण्याच्या बर्फाने भरलेलं असतं, मधे 1.8 किलोमीटर जाडीपर्यंत. आजूबाजूची जमीन उघडी पडते तरी हा बर्फ टिकतो, कारण खड्ड्यातली हवा बर्फावरून सरकताना गार होते, जड होते आणि तिथेच बसून राहते. बाहेरच्या हवेला आत यायला वाव नाही. हे मी वाचलं तेव्हा बाबांच्या साठवणाच्या खोलीचं दार डोळ्यांपुढे आलं. मंगळाच्या दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली एक तळं असावं असं काही जण म्हणतात, त्याची चर्चा जास्त होते, पण मला कोरोलेव्ह जास्त जवळचं वाटतं.

पांघरूण काढलं की काय होतं तेही दिसलं आहे. 25 मे 2008 ला फीनिक्स नावाचं यान मंगळाच्या उत्तरेकडे, 68 अक्षांशाजवळ उतरलं. त्याने खोऱ्याने जमीन थोडीशी उकरली. काही इंचांखालीच पांढरं लागलं. खड्ड्यात फाशांएवढे दोन-चार तुकडे पडले होते. चार दिवसांनी पुन्हा फोटो काढला तर ते नव्हते. ओल नाही, डाग नाही. तो साधा बर्फ होता, तरी तिथल्या विरळ, कोरड्या हवेत तोही माझ्या काट्यावरच्या सुक्या बर्फासारखा उडून गेला. मातीखाली किती हजार वर्षं तो शाबूत होता कोण जाणे. पुढे त्याच यानाने वरच्या ढगांतून हिम पडतानाही टिपलं, जमिनीवर पोचण्याआधीच विरून जाणारं. मग हिवाळा आला, अंधार झाला, आणि सुक्या बर्फाच्या ओझ्याने त्या यानाची सौरपंखं बहुधा मोडली. ते तिथेच आहे.

बुधाचं मी 2013 च्या जूनमध्ये वाचलं. सूर्याच्या इतका जवळचा ग्रह, दुपारी 430 अंश तापणारा, आणि त्याच्या ध्रुवांवर बर्फ. 1991 मध्ये पृथ्वीवरून रडारचे झोत सोडले तेव्हा उत्तर ध्रुवावरून असा लख्ख प्रतिसाद आला होता की तो बर्फाशिवाय दुसऱ्या कशाचा वाटेना. 2012 मध्ये मेसेंजर यानाने खात्री दिली. कारण असं, की बुधाचा अक्ष जवळजवळ सरळ उभा आहे, कल एका अंशाच्या तिसाव्या भागाएवढा. ध्रुवावर सूर्य कायम क्षितिजालाच घासत जातो. तिथल्या खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत ऊन पोचलेलंच नाही. तिथे उणे 170 च्याही खाली तापमान.

पाणी तिथे पोचलं कसं याचंही उत्तर कारखान्यात रोज दिसतं. अमोनियाची जी नळी उघड्यावर आहे तिच्यावर हंगामभर पांढरं दहिवर असतं. आम्ही तिथे पाणी नेऊन ओतत नाही. गोव्याची हवाच दमट, त्यातली वाफ इकडेतिकडे फिरते आणि जिथे सगळ्यात गार, तिथे जाऊन चिकटते. एकदा चिकटली की सुटत नाही. बुधावर धूमकेतू, उल्का आदळल्या, त्यांतलं पाणी वाफ झालं. बरंचसं उडून गेलं असेल, पण जे रेणू उड्या मारत मारत त्या अंधाऱ्या विवरांत पडले ते तिथेच राहिले. चंद्राच्या ध्रुवांवरही हेच. आपल्या चांद्रयान 1 वरच्या उपकरणांनी त्याच्या खुणा दिल्या तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

तर मी बाबांना हे वाचून दाखवत होते. ते तेव्हा ऐंशीला टेकले होते, पडवीत खुर्ची टाकून बसायचे. सगळ्यात आत, अगदी ध्रुवाजवळ, बर्फ उघडा आहे. पण थोडं अलीकडे, जिथे जरा ऊब पोचते, तिथे तो काळ्या रंगाच्या थराखाली आहे, आणि त्या थरानेच त्याला राखलं आहे, असं मी सांगितलं. बाबांनी इतका वेळ डोळे मिटलेले होते. ते उघडून विचारलं, "भुसो कितलो दाट?"

मी पुन्हा बघून सांगितलं, दहा ते वीस सेंटीमीटर.

त्यांनी हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी ताणून खुर्चीच्या हातावर मोजलं. "वीतभर," म्हणाले. "बरोबर." कुडचड्याच्या गाडीवर ते तेवढाच घालत.

बुधावर हवाच नाही, म्हणून वाऱ्याचा प्रश्न नाही, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते थोडे निराश झाल्यासारखे वाटले. पण वीतभर हे त्यांनी नंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, ते गेले तोपर्यंत.

मंगळाच्या त्या तळ्याबद्दल थोडक्यात. 2018 मध्ये मार्स एक्स्प्रेस यानाच्या रडारवरून इटलीच्या संशोधकांनी म्हटलं की दक्षिण ध्रुवाच्या दीड किलोमीटर खाली, वीस किलोमीटर रुंद, द्रवरूप खाऱ्या पाण्याचं तळं असावं. नंतर इतरांनी आक्षेप घेतले. तसाच लख्ख प्रतिसाद विशिष्ट मातीचे किंवा बर्फाचे थरही देऊ शकतात. मीठ पाण्याला गोठू देत नाही हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या टाकीतलं पाणी उणे दहावर लाटा मारत असतं आणि त्यात बुडालेल्या डब्यातलं गोडं पाणी दगड होतं. मंगळाच्या मातीत सापडणारे पर्क्लोरेट क्षार तर आमच्या मिठापेक्षा कितीतरी खाली पाणी द्रव ठेवू शकतात. तरी उणे 68 च्या आसपासच्या बर्फाखाली एवढं मोठं तळं, हे मला अजून पटत नाही. पुरावा भक्कम झाला तर आनंदाने मानेन.

आणि एवढ्या लांबच्या गोष्टी करताना माझ्या गच्चीवरून पंधरा मिनिटांच्या चालीवर काय आहे ते सांगायला हवं. हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, 1998 पासून. भारताची अंटार्क्टिकावरची मैत्री आणि भारती ही ठाणी तिथून चालतात. पहिली भारतीय मोहीम तर 6 डिसेंबर 1981 ला आमच्या मुरगाव बंदरातूनच निघाली होती, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, पोलर सर्कल नावाच्या जहाजावरून, आणि 9 जानेवारी 1982 ला तिथे पोचली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. बातमी आली तेव्हा बाबांनी माझ्या नकाशाच्या वहीत मुरगावपासून खाली पानाच्या कडेपर्यंत पेन्सिलने रेघ ओढली. वहीत अंटार्क्टिका छापलेलाच नव्हता. तिथे बांधलेलं दक्षिण गंगोत्री हे पहिलं ठाणं काही वर्षांत बर्फाखाली गाडलं गेलं आणि सोडून द्यावं लागलं, हे वाचून बाबा म्हणाले होते की बर्फ पायाखाली घेऊन कुणी घर बांधू नये.

भाच्याच्या शाळेची सहल त्या केंद्रात गेली तेव्हा मीही बरोबर गेले. तिथे उणे 20 अंशांची शीतखोली आहे, अंटार्क्टिकाच्या बर्फात भोक पाडून काढलेले लांबच लांब दंडगोल तिथे ठेवतात आणि तपासतात. हिमगाभे म्हणतात त्यांना. दारापाशी जाडजूड कोट लटकवलेले. मुलं कोटांकडे बघत होती, मी बर्फाकडे. तो पांढुरका होता, आमच्या लादीच्या मधल्या रेघेसारखा, पण पूर्ण.

बुडबुडे तसेच, पण त्यांची जात वेगळी. आमच्या लादीतली हवा पाण्यात विरघळलेली असते आणि गोठताना बाहेर हाकलली जाते. अंटार्क्टिकावर हिमाचे कण एकावर एक साठतात, त्यांच्या फटींत त्या त्या काळची खरी हवा असते. वरचं ओझं वाढत जातं, साठ ते शंभर मीटर खाली फटी मिटतात आणि हवा बंद होते. तिथे वितळत नसल्यामुळे ती तशीच राहते. युरोपीय शास्त्रज्ञांनी काढलेल्या एका गाभ्यात आठ लाख वर्षांची हवा सापडली. त्या सगळ्या काळात, हिमयुगं आली आणि गेली तरी, कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 170 ते 300 एवढाच राहिला. आज तो 420 च्या वर आहे. हे आकडे तिथल्या एका फळ्यावर आलेखात होते आणि मी त्याच्यासमोरून हलू शकले नाही. सगळी मुलं पुढच्या खोलीत गेली तेव्हा भाचा मला बोलवायला परत आला.

घरी येऊन मी त्याला एक प्रयोग करून दाखवला. बादलीत पाणी भरलं, त्यात लादीचा तुकडा तरंगत ठेवला, पातळीवर खडूने खूण केली. तुकडा वितळला, पातळी तिथेच. मग दुसरा तुकडा बादलीवर आडव्या ठेवलेल्या चाळणीत ठेवला. तो वितळला तेव्हा पाणी खुणेच्या वर गेलं. समुद्रात तरंगणारा बर्फ पहिल्यासारखा, आणि अंटार्क्टिकाच्या, ग्रीनलँडच्या जमिनीवर चढलेला बर्फ चाळणीतल्यासारखा. अंटार्क्टिकाचा सगळा वितळला तर समुद्र 58 मीटर वर येईल, ग्रीनलँडचा 7 मीटर. सगळा वितळायला फार काळ जाईल. पण भरतीच्या वेळी खाजनाच्या बांधाला पाणी कुठवर लागतं ते ज्याने बघितलं आहे त्याला अर्ध्या मीटरचीसुद्धा भीती वाटेल. मला वाटते. आमची जेटी काही फार उंच नाही.

मंगळाच्या टोप्याही अशाच थराथरांच्या आहेत. बर्फ, धूळ, बर्फ, धूळ, हजारो थर, कड्यांवर उघडे पडलेले. मंगळाजवळ आपल्या चंद्रासारखा मोठा सोबती नाही, म्हणून त्याचा अक्ष लाखो वर्षांत खूप डोलतो. कल वाढला की ध्रुवांवर ऊन जास्त, बर्फ उडून मधल्या पट्ट्यांकडे जातो; कल कमी झाला की परत ध्रुवांकडे. त्या थरांत हे सगळं लिहिलेलं आहे. एकट्या दक्षिणेकडच्या थरांतलं पाणी सगळ्या मंगळावर पसरलं तर 11 मीटर भरेल, असं रडारने मोजलं आहे. आजवर कुणी त्यात भोक पाडलेलं नाही. माझ्या हयातीत पाडलं गेलं, तो गाभा अशाच एखाद्या शीतखोलीत आला आणि त्याचा फोटो छापून आला, तर मी आधी बघेन तो पांढरा आहे की नितळ.

पुढची प्रतियुती 19 फेब्रुवारी 2027 ला आहे. मंगळ सिंहेत, मघेजवळ असेल, यावेळी थोडा आणखी दूर, दहा कोटी किलोमीटरच्या पलीकडे. उत्तर ध्रुव पुन्हा आपल्याकडे, पण तिथला वसंत संपत आलेला, म्हणजे सुका बर्फ बराचसा हवेत परत गेलेला. भाच्याचं म्हणणं, ठिपका इतका लहान होईल की सहा इंचांत दिसणार नाही. मी म्हणते दिसेल, आणि उरलेला बराचसा पाण्याचाच असेल. फेब्रुवारी म्हणजे आमचा भर हंगाम. बोटी पहाटे चारला बर्फ भरायला येतात. तोवर मंगळ समुद्राच्या बाजूला कललेला असेल, आणि मी गच्चीवरून उतरून थेट कारखान्यात जाईन.